विहारासमोरच्या लॉनवर भाजीचे वाफे हवेत

वस्तीतल्या अनेक विहारांसमोर आता लॉन दिसते. वर्गणीतून लावलेले, भोवती दोरी बांधलेले, आत पाय ठेवायला मुलांना मनाई. नळाला तास-दोन तास येणाऱ्या पाण्यातले चार बादल्या पाणी त्या गवताला जाते. आमचे मत आहे की, या लॉनच्या निम्म्या भागावर गादीवाफे करून पालेभाजी लावावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. जुडी महागली की आपल्या घरात पहिली काटछाट भाजीत होते. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात मग नुसता रस्सा उरतो.

लॉन खणून काढायची गरज नाही. गवत बुडापर्यंत कापा. हरळी आणि लव्हाळा मात्र मुळासकट उपटा, ते पुठ्ठ्यातूनही वर येतात. दुकानातली जुनी खोकी आणा, चिकटपट्टी काढा आणि पुठ्ठ्याचे दोन थर एकमेकांवर वीतभर चढवून अंथरा. पाणी मारून भिजवा. उजेड न मिळाल्याने खालचे गवत मरते आणि पुठ्ठा मातीत कुजतो. भोवती विटांचे तीन थर रचा, म्हणजे नऊ इंच उंची मिळते. रुंदी चार फूटच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. दोन भाग माती आणि एक भाग कुजलेले शेणखत भरा. पावसात पाणी निथळते, मुळे सडत नाहीत. मेथी, माठ, राजगिरा महिन्याभरात काढणीला येतात. सगळे बी एकदम पेरू नका, दर आठवड्याला थोडे पेरा.

पाडकामाची माती, जुन्या रंगाचे पोपडे पडलेली माती किंवा बॅटऱ्या फोडल्या जातात तिथली माती वापरू नका. तिच्यात शिसे असू शकते, आणि शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते. गटाराचे पाणीही घालू नका.

काही जण म्हणतील, शेतमजुरी सोडून शहरात आलो, पुन्हा मातीत हात कशाला? ती मजुरी दुसऱ्याच्या जमिनीवर होती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले ते जमीन मिळावी म्हणून. विहारासमोरची जागा सर्वांची आहे, तिच्यावर काय पिकवायचे हे आपणच ठरवायचे. पण हे काम पुन्हा बायकांच्याच अंगावर पडू नये. पाणी घालण्याच्या पाळीत तरुण मंडळाची नावे आधी लिहा. भाजी वाटताना गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांची घरे आधी घ्या.

दोन-चार वाफ्यांनी वस्तीचा रक्तक्षय जाणार नाही. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका. पालेभाजीतले लोह शरीराला कमीच लागते, म्हणून भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आढळतो. तिथे थकवा आणि फिकेपणा दिसला तर आधी रक्ततपासणी करा. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी घेऊ नये.

वर्षावासात आपण ग्रंथवाचनासाठी रोज विहारात जमतोच. त्याआधीच्या बैठकीत हा विषय मांडा आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी आठ बाय चार फुटांचा एक वाफा तयार करा. शोभेची काळजी असलेल्यांना सांगा, लाल माठाचा वाफाही विहारासमोर शोभून दिसतो.