कामाचे तास मोजणार कोण?

कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तास करण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. बारा तास पाच दिवस केले, तरी आठवडा ६० तासांचा होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त असतो. झोप तुटते, ताणाची संप्रेरके चढीच राहतात, रक्तदाब वाढतो.

चकलांबा आणि परिसरातून, गेवराई तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांना मात्र घड्याळच नाही. मजुरी टनावर, रात्री-अपरात्री गाडी आली की भरायला उठायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. विधवा किंवा परित्यक्ता बाई म्हणजे अर्धा कोयता. उचलही त्याच हिशेबाने. खाडा परवडत नाही, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. २०१९ च्या शासकीय पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली.

रात्री कोपीत मोबाइलवर जुनी गाणी लावली की मन हलके होते, हे खरेच. पण गाण्याने झोपेची भरपाई होत नाही. एकट्या माणसाचा तोंडाचा बदललेला कोपरा, अडखळलेली जीभ पाहायलाही कोणी नसते. म्हणून कोयत्यावर निघण्यापूर्वी रक्तदाब तपासून घ्यावा, गोळ्या सोबत न्याव्यात. आणि तासांची चर्चा कारखान्याच्या फाटकापाशी न थांबता उसाच्या फडापर्यंत जावी.