अंगात कोण येतं?

आमच्या आत्याबाईंच्या अंगात यायचे. मग त्या घोगऱ्या आवाजात बोलत, पोटच्या मुलाला "हा कोण?" म्हणून विचारत, आणि मागाहून त्यांना काही म्हणता काही आठवत नसे. शेवटी शहरात नेले. डॉक्टरांनी विचारले, "आपण एक नसून दोन व्यक्ती आहोत, असं वाटतं का?" आत्याबाई उखडल्या, "मी एकटीच आहे! दोन कशी होईन?" झाले! कागदावर 'नाही' पडले.

मराठीचा मास्तर म्हणून मला वाटते, घोटाळा क्रियापदाचा होता. तिकडचा रोगी म्हणतो, माझे तुकडे झाले आहेत; आपल्याकडे कुणीतरी बाहेरून 'येते', 'धरते', 'झपाटते'. १९५७ सालच्या 'थ्री फेसेस ऑफ ईव्ह' या चित्रपटातल्या बाईला तीन व्यक्तिमत्त्वे होती. आत्याबाईंना होती वारलेली सासू!

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाने २०१३ साली हे मान्य केले, की दुभंगलेली ओळख काही समाजांत झपाटल्याच्या भाषेत सांगितली जाते. मात्र समाजमान्य धार्मिक रीतीचाच जो भाग, तो विकार धरू नये, असेही त्यात बजावले आहे. म्हणजे जत्रेत घुमणारा प्रत्येक जण रोगी नव्हे.

पुढे एका डॉक्टरीणबाईंनी एवढेच विचारले, "मावशी, अंगात कोण येतं?" आत्याबाई तासभर बोलल्या. सासूने केलेला छळ त्या दिवशी प्रथमच आमच्या कानांवर आला. उपचाराला खरी सुरुवात तिथून झाली.