फलाट वाचतो, फोन वाचता येत नाही

सोमवारी कर्जतहून मामांना घेऊन लोकलने ठाण्याला निघालो होतो. "वांगणी आलं," मामा खिडकीशी म्हणाले. गाडी अजून थांबायची होती. पाच मिनिटांनी त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. "अरे, ओटीपी कुठे टाकायचा ते लिहिलंच नाहीये यात."

लिहिलं होतं. पांढऱ्यावर निळसर राखाडी, बारीक. बँकेच्या ॲपने म्हणे याच आठवड्यात 'नवं रूप' घेतलंय. हे दोन शब्द दिसले की मी खिसा चाचपतो.

मामांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय, उजव्याचं झालंय पण पडदा अधू. "उजव्याने सदरा पांढरा दिसतो, डाव्याने चहात बुडवलेला," असं ते सांगतात. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की निळा रंग गाळला जातो, आत येणारा उजेड विखुरतो. मग पांढऱ्यावरची निळसर राखाडी अक्षरं विरून जातात. पिवळ्याला मात्र ते भिंग फारसं अडवत नाही. स्टेशनची पाटी पिवळी, अक्षरं काळी, हातभर उंच. तिन्ही भाषांतलं नाव धावत्या गाडीतून, तिन्हीसांजेला, मोतीबिंदूसकट वाचता येतं. ती रंगवणाऱ्याने 'युजर एक्स्पीरियन्स' हे शब्द ऐकलेही नसतील.

घरी मोजून पाहिलं. अक्षरं आणि त्यांच्या मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक मोजायचं गणित जगाने 2008 सालीच कागदावर आणलंय. पांढऱ्यावर काळं म्हणजे 21 ला 1, शुद्ध पिवळ्यावर काळं म्हणजे साडेएकोणीस. बारीक मजकुराला किमान साडेचार हवा. बँकेची अक्षरं अडीचच्या आसपास घुटमळत होती. त्यात अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं सर्वोच्च न्यायालय एप्रिल 2025 मध्ये म्हणालंय.

"सेटिंग बदला की!" असं सांगणारे भेटतातच. बदललं. रंग उलटे केले, तर फोटोतल्या नातीचा चेहरा निळा आणि दात काळे. "बंद कर ते," मामा म्हणाले. मग ठळक अक्षरांची सोय चालू केली. बाकी सगळीकडे अक्षरं उठून दिसू लागली, बँकेचं ॲप ढिम्म. घरच्या कॉम्प्युटरवर डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट प्रिंट स्क्रीनबरोबर दाबले की काळ्यावर पांढरं होतं, तेही करून पाहिलं. बँकेच्या साइटवर 'पुढे'चं बटणच गायब झालं, कारण ते बटण म्हणजे नुसतं चित्र. डोळा अधू असणाऱ्याने आधी मेनूच्या आठ पायऱ्या उतरायच्या, आणि त्या मेनूतली अक्षरंही राखाडीच.

हे रंग ठरवणाऱ्यांत चाळिशी लागलेला एकही माणूस नसावा, असा माझा जुना संशय आहे. पुरावा काहीच नाही. पण एसीत बसून भल्यामोठ्या मॉनिटरवर राखाडीच्या छटा निवडणाऱ्याला एकदा दुपारी बाराला फलाटावर उभं करून तोच फोन हातात द्यावा, एवढीच इच्छा आहे.

तर लोकलमध्ये काय झालं? ओटीपी मेसेजमध्ये आला होता, काळ्या अक्षरांत. मामांनी तो खणखणीत आवाजात वाचला, अख्ख्या डब्याने ऐकला, मी टाकला. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' ही सूचना त्या पडद्यावर ठळक लाल रंगात होती. तेवढी मात्र मामांना दिसली.