मिठाच्या पाण्याइतकाच गुण, मग हजारो रुपये कशाचे?

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या अंकात गुडघेदुखीवरच्या इंजेक्शनांचे जे पानभर कौतुक जाहिरातीच्या रूपाने छापून आले, त्यातील एका वाक्याने मी अस्वस्थ झाले आहे. स्वतःच्याच रक्तापासून केलेल्या पीआरपीची तीन इंजेक्शने घेतली की गुडघ्यातील झिजलेली गादी, म्हणजे कूर्चा, पुन्हा तयार होते, असे ते वाक्य. छातीठोकपणे लिहिलेले, कुठे ‘कदाचित’ नाही की ‘काहींच्या बाबतीत’ नाही.

हे खरे नाही. ऑस्ट्रेलियात पन्नाशीपुढच्या २८८ रुग्णांवर याची चाचणी झाली आणि २०२१ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळ्यांच्या गुडघ्याची झीज सौम्य ते मध्यम होती, म्हणजे जाहिरातवाले ज्यांना बोलावतात तेच हे लोक. एका गटाला आठवड्याला एक अशी पीआरपीची तीन इंजेक्शने दिली, दुसऱ्याला तशीच सलाइनची, म्हणजे मिठाच्या पाण्याची. आपल्याला काय टोचले हे रुग्णांना कळू दिले नाही. वर्षानंतर शून्य ते दहाच्या मापावर पीआरपी गटाची वेदना सरासरी २.१ ने कमी झाली होती आणि मिठाच्या पाण्याच्या गटाची १.८ ने. एवढा फरक शास्त्राच्या हिशेबात फरक धरला जात नाही. आणि गादी? ती वाढली तर नाहीच, उलट पीआरपी गटात १.४ टक्के आणि दुसऱ्या गटात १.२ टक्के घटली.

जाहिरातीत ज्या आजी जिना चढताना दिसतात, त्यांना बरे वाटलेच नाही असे मी म्हणत नाही. वाटले असेल. पण २.१ आणि १.८ हे आकडे त्यांना पैसे भरण्यापूर्वी कोणी दाखवले होते का?

माझ्या मोठ्या जाऊबाईंना तरी दाखवले नाहीत. मुदत ठेव मोडून त्यांनी इंजेक्शने घेतली. पावतीवर ‘पॅकेज’ एवढा एकच शब्द. काही महिन्यांत दुखणे पूर्ववत झाले, तेव्हा त्याच दवाखान्यात त्यांना ‘वंगणाचे इंजेक्शन’, म्हणजे हायलुरोनिक ॲसिडचे, सुचवण्यात आले. त्याचीही गत वेगळी नाही. २०२२ मध्ये ‘बीएमजे’ने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २४ मोठ्या चाचण्यांतील जवळपास नऊ हजार रुग्णांचे निकाल एकत्र केले, तेव्हा शंभर मिलिमीटरच्या वेदनेच्या पट्टीवर या इंजेक्शनाचा जादा फायदा निघाला दोन मिलिमीटर. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने त्याच वर्षी डॉक्टरांना स्पष्ट सांगितले की हे इंजेक्शन देऊ नका.

सगळीच इंजेक्शने वाईट, असे माझे म्हणणे नाही. सुजलेल्या गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते आणि तेवढ्या काळात व्यायाम सुरू करता येतो. पण तेच दर तीन महिन्यांनी दोन वर्षे दिले, तर वेदनेत मिठाच्या पाण्यापेक्षा जास्त फायदा होत नाही आणि गादी मात्र अधिक झिजते, हे २०१७ मध्ये अमेरिकेतील चाचणीत दिसले. मधुमेह्यांची साखर त्याने काही दिवस वाढते. आपल्याकडे इतके मधुमेही असताना हे आधी सांगायलाच हवे.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, त्याचा असंख्य कुटुंबांना आधार झाला. पीआरपीत मात्र औषध म्हणजे रुग्णाचेच रक्त. त्याला ना वेष्टन, ना छापील किंमत. जो तो मनाला येईल तो आकडा सांगतो. अन्न व औषध प्रशासन आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल यांना जाहिरातींची अशी पाने दिसत नाहीत काय? संधिवात बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ चा कायदा बंदी घालतो. डॉक्टरांनी रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करू नये, असे २००२ ची आचारसंहिता सांगते. मग हे चालते कसे?

आणि संपादक महोदय, थोडे आपल्याविषयीही. ते पान जाहिरात आहे हे कळायला मला भिंग घ्यावे लागले. मजकुराची मांडणी, अक्षरे, मथळा, सारे बातमीसारखे. जाहिरात बातमीपासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे, हा प्रेस कौन्सिलचा दंडक आहे. ज्येष्ठ नागरिक आपल्या वृत्तपत्रावर विश्वास ठेवतात आणि त्या विश्वासापोटीच फोन फिरवतात. यापुढे अशा पानावर ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याएवढ्याच अक्षरात छापावा, अशी माझी मागणी आहे.

या इंजेक्शनांसाठी ज्यांनी नाव नोंदवले आहे, त्या वाचकांना कळकळीची विनंती: पैसे भरण्याआधी गादी भरून येण्याची हमी डॉक्टरांकडून लेखी मागा. ती मिळाली नाही, तर पैसे भरू नका आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारा चांगला फिजिओथेरपिस्ट गाठा.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा