कंडोमच्या आधी कातडीचं बोला

कंडोम नको म्हणणाऱ्या नवऱ्याला बेजबाबदार ठरवून आपण मोकळे होतो. पुष्कळदा तो असतोही. पण त्यातल्या काहींचं दुखणं निराळं असतं. शिश्नाच्या टोकावरची कातडी मागे जात नाही, ओढली तर चिरते, कंडोम चढवताना जीव कळवळतो. हे बायकोला सांगायची लाज वाटते, मग ‘त्यात मजा नाही’ असं म्हणून वेळ मारून नेली जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदी ०.३ टक्के आणि कंडोम ९.५ टक्के. या तफावतीचं खापर कातडीवर फोडणं हास्यास्पद ठरेल, तिची मुळं पुरुषी मनोवृत्तीत आहेत. तरीही १९६८ पासून ‘निरोध’ घराघरांत पोहोचवणाऱ्या या देशाने, तो ज्या अवयवावर चढवायचा त्याच्या तक्रारींबद्दल पुरुषांना काय सांगितलं? जवळपास काहीच नाही.

अज्ञानाची सुरुवात न्हाणीघरातून होते. तान्ह्या मुलाची कातडी मागे जात नाही म्हणून घरातली मोठी माणसं ती तेल लावून मागे ओढतात. वास्तविक जन्मतः ती आतल्या भागाला चिकटलेलीच असते. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९४९ मध्ये दाखवून दिलं, की नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांची कातडी पूर्ण मागे जाते. डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांची वर्षानुवर्षं तपासणी करून याकोब ओस्टर यांनी १९६८ मध्ये निष्कर्ष मांडला, की सतरा वर्षांपर्यंत हा त्रास साधारण १ टक्का मुलांतच उरतो. म्हणजे बहुतेकांची कातडी आपसूक सुटते. ओढाताण केली तर मात्र जखमा होतात, त्यांचे व्रण आवळतात आणि नसलेला आजार मागे लागतो.

मोठेपणी, आतापर्यंत सहज सरकणारी कातडी आवळू लागली, तिला बारीक चिरा पडू लागल्या, तर आधी रक्तातली साखर तपासायला हवी. लघवीतल्या साखरेवर बुरशी पोसली जाते, खाज सुटते, पांढरट थर जमतो. कित्येकांच्या मधुमेहाचा पहिला पुरावा इथेच सापडतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, साखर लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या गोळ्यांनीही हा संसर्ग बळावतो. गोळी लिहून देतानाच डॉक्टरांनी ही सूचना द्यायला हवी. कातडी पांढरी पडून चिवट होत असेल, तर तो वेगळा त्वचाविकार असू शकतो; त्याकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही.

प्रत्यक्षात घडतं ते मेडिकलच्या काउंटरवर. गिऱ्हाईक आजूबाजूला बघत हळूच ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हणतं आणि दुकानदार बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टिरॉइड अशी खिचडी असलेली ट्यूब पुढे सरकवतो. दोन दिवस बरं वाटतं. नंतर कातडी पातळ होते, बुरशी दुप्पट जोमाने परतते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण काउंटरवरचा हा व्यवहार काही थांबलेला नाही.

गंमत अशी, की घट्ट कातडीवरचा पहिला इलाज स्टिरॉइड मलमाचाच असतो. फक्त ते कुठलं, कुठे आणि किती आठवडे लावायचं, हे डॉक्टर ठरवतात. अनेकांचं काम तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर सुंतेची छोटी शस्त्रक्रिया. सुंतेचं नाव काढलं की आपल्याकडे अनेकांना धर्म आठवतो. उपचाराला जात-धर्म नसतो.

आता कंडोमची कृती. कातडी असलेल्या पुरुषाने ती आधी अलगद मागे घ्यावी, टोकाची हवा काढून कंडोम मुळापर्यंत उलगडावा आणि मग कंडोमसकट कातडी पुढे सरकू द्यावी. त्यामुळे ताण कमी होतो, कंडोम सटकण्याची भीतीही घटते. कातडी मागे जातच नसेल तर जबरदस्ती करू नये. मागे गेलेली कातडी पुढे येईना आणि टोक सुजू लागलं, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं की लेटेक्स कमकुवत होतं, कंडोम फाटतो. बुरशीवरच्या क्लोट्रिमाझोल मलमानेही हेच होऊ शकतं. म्हणून उपचार चालू असताना संबंध लांबणीवर टाकावेत.

सुंता झालेल्यांनीही निर्धास्त राहू नये. आफ्रिकेतल्या तीन मोठ्या चाचण्यांत सुंतेमुळे पुरुषांना स्त्रीकडून होणाऱ्या एचआयव्ही संसर्गाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटलेला दिसला. उरलेल्या धोक्यासाठी कंडोम लागतोच, आणि गर्भधारणेशी सुंतेचा काही संबंध नाही.

असल्या गोष्टी मराठीत छापायचं धाडस र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून केलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. निकाल कर्व्यांच्या विरोधात गेला. आज कोणी खटला भरत नाही, तरी वाहिन्यांनी कंडोमच्या जाहिराती रात्री दहानंतरच दाखवाव्यात, अशी सरकारी सूचना २०१७ मध्ये निघाली होती!

भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींमागे धावून पैसे घालवू नका. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे तपासणी, औषध आणि कंडोम मोफत मिळतात. जाताना मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि आतापर्यंत लावलेल्या ट्यूब सोबत न्या.