वर्गणीची वही उघडी कां नसावी ?

जालना जिल्ह्यांतील एका लहानशा वाचनालयाच्या वार्षिक सभेस हजर राहण्याचा योग मध्यंतरीं आम्हांस आला. सरकारी अनुदानाच्या वाटेस न जातां केवळ सभासदांच्या वर्गणीवर चालणारें हें वाचनालय. कार्यवाहांनीं वर्षाचा जमाखर्च एवढ्या वेगानें वाचून दाखविला कीं, आंकडे कानांवर पडले, पण मनांत एकही उतरला नाहीं. “मंजूर ! मंजूर !” असा घोष झाला. तोंच मागच्या रांगेंतून एक निवृत्त शिक्षक उठले आणि त्यांनीं अगदीं मृदु स्वरांत विचारलें, “वर्षभरांत नव्या पुस्तकांवर किती खर्च झाला, आणि शिल्लक किती उरली ?” अध्यक्ष हंसून म्हणाले, “गुरुजी, आमच्यावर विश्वास नाहीं वाटतें आपला ?” सभेंत हंशा पिकला, गुरुजी ओशाळून खालीं बसले, आणि चहा आला. प्रश्न एका ओळीचा होता, उत्तर दोन आंकड्यांचें होतें. पण तें त्या दिवशीं मिळालें नाहीं.

संस्थेचें नांव आम्ही सांगत नाहीं. कारण दोष एका संस्थेचा नाहीं. गायनमंडळ असो, व्याख्यानमाला असो, कीं गल्लींतला गणेशोत्सव असो, जेथें जेथें आपण सुशिक्षित मंडळी चार पैसे एकत्र करून कांहीं चालवितों, तेथें तेथें हिशेब विचारणें हा असभ्यपणा ठरतो. अध्यक्षांचें उत्तर हा युक्तिवाद नव्हे, ती शिष्टसंमत दटावणी आहे. आणि ती आपण हंसत हंसत मान्य करतों, हें आमच्या मतें फार वाईट लक्षण आहे.

दान आणि वर्गणी यांत मूलतःच भेद आहे. दान दिलें कीं दात्याचा संबंध सुटला, असें आपल्याकडे मानतात. वर्गणी दर महिन्यास नव्यानें द्यावयाची असते. ती देणारा उपकार करीत नाहीं आणि घेणाराही करीत नाहीं. ज्यांना वाचावयाचें आहे त्यांनींच मिळून थाटलेला तो एक संसार असतो. कार्यवाह त्या संसाराचा कारभारी, मालक नव्हे. गांधीजींनीं १८९४ सालीं डर्बन येथें नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली, तेव्हां लहानसान रकमेचीही पावती देण्याचा आणि पैपैचा हिशेब ठेवण्याचा कटाक्ष त्यांनीं पाळला. हिशेब चोख नसेल तर सार्वजनिक कामांतील सत्य निर्भेळ राहत नाहीं, अशा आशयाचा अनुभव त्यांनीं आत्मकथेंत नमूद केला आहे. सार्वजनिक संस्थेनें कायम ठेवीवर निश्चिंत होऊं नये, वर्षोवर्षींच्या वर्गणीवर जगावें, असेंही त्यांचें मत पुढें बनलें. कारण मग लोकांचा कौल तिला सतत घ्यावा लागतो. पण कौल मागावयाचा तर आधीं कारभार दाखवावयास नको काय ?

आतां आक्षेप पाहूं. पहिला आक्षेप असा कीं, फुकट राबणाऱ्या माणसाकडे हिशेब मागणें ही कृतघ्नता होय. आम्ही म्हणतों, फुकट राबणाऱ्यासच हिशेबाची अधिक गरज आहे. पगारी कारकुनावर आळ आला तर त्याची फार तर नोकरी जाते. निःस्वार्थ माणसावर आळ आला तर त्याची उभ्या जन्माची कमाई जाते. बंद वही कुजबुजीला जन्म देते, आणि कुजबुजीला उत्तर देतां येत नाहीं. उघडी वही हें प्रामाणिक माणसाचें चिलखत आहे. तें अंगावर चढविण्यांत अपमान कसला?

दुसरा आक्षेप, “रक्कम ती केवढी, तिचा बाऊ काय करावयाचा ?” ह्यास उत्तर आमच्याच जिल्ह्यांतील खेड्यांनीं दिलें आहे. घनसावंगी, मंठा, भोकरदन या तालुक्यांत महिलांचे बचतगट चालतात. त्यांची पंचसूत्री प्रसिद्धच आहे : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन. एकेकीची बचत ती किती ! परंतु कोणीं किती टाकले, कोणीं किती उचलले, पेटींत काय उरलें, हें सर्वांच्या देखत बोलून लिहावयाचें, ही तेथली शिस्त. ज्या बाईस अक्षर वाचतां येत नाहीं, तिच्याही कानांवर आंकडा पडतो. तेथें कोणी कोणास “विश्वास नाहीं काय ?” म्हणून गप्प बसवीत नाहीं, कारण विश्वास त्या वहींतूनच वाढलेला असतो. पदवीधरांच्या सभेला जें असभ्य वाटतें, तें मोलमजुरी करणाऱ्या बाया आपला धर्म म्हणून पाळतात. लाज कोणास वाटावी ?

तिसरा आक्षेप कायद्याचा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्यान्वयें नोंदलेल्या संस्थेस हिशेब ठेवावे लागतात, तपासून घ्यावे लागतात व त्यांचा अहवाल धर्मादाय कचेरींत पोंचवावा लागतो. मग आणखी काय हवें? हवें एवढेंच कीं, जो कागद कचेरीच्या कपाटांत जातो, तो वर्गणीदाराच्या डोळ्यांपुढूनही जावा. तपासनीस बेरीज बरोबर आहे कीं नाहीं तें पाहतो. खर्च योग्य होता कीं नाहीं, हें पैसे भरणाऱ्यांनींच ठरवावयाचें असतें.

परंतु आमची खरी तक्रार अफरातफरीबद्दल नाहींच. लहान संस्था चोरांमुळें बुडतात त्याहून अधिक त्या सज्जनांच्या संकोचामुळें बुडतात. समजा, एका वाचनालयाचे २०० सभासद दरमहा ५० रुपये देतात. जमा १०,००० रुपये. जागेचें भाडें ४,०००, ग्रंथपालाचें मानधन ५,०००, वृत्तपत्रें व मासिकें १,५००, वीज ८००. एकूण खर्च ११,३०० रुपये. दरमहाची तूट १,३०० रुपये. ही तूट सांगावयास कार्यवाहास लाज वाटते आणि तो ती मुकाट्यानें आपल्या खिशांतून भरतो. वर्षाचे १५,६०० रुपये होतात. सभासद समजतात, संस्था ५० रुपयांत सुखानें चालली आहे. एके दिवशीं तो गृहस्थ थकतो, मुलाकडे पुण्यास जातो, किंवा मरण पावतो. आणि तीन महिन्यांत दाराला कुलूप लागतें. मग आपण “लोकांना वाचनाची गोडी उरली नाहीं” असा शोक करतों ! वास्तविक प्रत्येकानें साडेसहा रुपये अधिक दिले असते तर भागलें असतें, आणि विचारलें असतें तर ते बहुतेकांनीं दिलेही असते. कार्यवाहाचें औदार्य थोर खरें. पण लपविलेलें औदार्यही खोट्या हिशेबाइतकेंच फसवें असतें, कारण त्यामुळें संस्थेची खरी किंमत कोणासच कळत नाहीं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत एक कागद दारांतच भिंतीवर लावावा. त्यावर मागील शिल्लक, जमा, बाबवार खर्च, देणें आणि आजची शिल्लक हे आंकडे असावेत; आणि वर्गणी थांबली तर संस्था किती महिने तग धरील, तेंही लिहावें. कोणी पदरचे पैसे घातले असतील तर ते देणगी कीं उसने, याचा खुलासा असावा. कोणा सभासदास परिस्थितीमुळें वर्गणी माफ केली असेल, तर त्याचें नांव मात्र भिंतीवर येऊं नये; उघडेपणा पैशाचा हवा, माणसाच्या गरिबीचा नको.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. सभा भरविण्यासही जेथें परवानगी लागे, तेथें मराठी वाचनालयें हींच जागृतीचीं ठाणीं झालीं. आज सभेला परवानगी लागत नाहीं. आणि आपल्याच सभेंत आपल्याच पैशाचा प्रश्न विचारणारा माणूस ओशाळून खालीं बसतो! ह्याच जिल्ह्यांतील जांब येथें जन्मलेल्या समर्थांनीं दासबोधांत नेटक्या लेखनावर एक अख्खा समास खर्ची घातला. त्यांच्या मुलुखांत एका पानाचा जमाखर्च नीट अक्षरांत लिहून भिंतीस लावावयास आपला हात कां कचरावा ? पुढच्या सभेंत गुरुजी पुन्हां उठोत. आणि ते एकटे न उठोत.