शेतकऱ्यांचे शिक्षण व विनोद

हसणारा विद्यार्थी वाया गेला आणि हसविणारा मास्तर त्याहून वाया गेला, अशी एक समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. शिकावयाचे म्हणजे तोंड गंभीर पाहिजे, पुस्तक म्हणजे जड पाहिजे, आणि व्याख्यान म्हणजे ते संपल्यावर आपण किती अडाणी आहोत एवढेच श्रोत्यास कळले पाहिजे, असा या समजुतीचा अर्थ. आम्हांस ही समजूत सर्वस्वी चुकीची वाटते; इतकेच नव्हे, तर तिच्यापायी शेतकरी वर्गाचे रोख नुकसान होत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमची उमेद महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. सातबाऱ्याचा उतारा नेण्यास आलेला खातेदार तो हाती पडताच चार घड्या घालून खिशात ठेवतो, वाचीत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. तो निरक्षर असतो म्हणावे, तर तसेही नाही. वर्तमानपत्र तो वाचतो. कोणत्या गटात कोण किती मतांनी पडला हे तोंडपाठ सांगतो. परंतु 'पोटखराबा', 'इतर हक्क', 'फेरफार' हे शब्द दिसले की त्याची नजर त्यांवरून घसरते. हे शब्द त्याच्या स्वतःच्या जमिनीविषयी आहेत, पण ते त्याच्याशी बोलत नाहीत.

म्हणून आम्ही एक युक्ती चालविली होती. कोणी पोटखराबा म्हणजे काय असे विचारले, की आम्ही म्हणत असू, "अहो पाटील, तुमच्या जमिनीला अपचन झाले आहे!" मंडळी हसत, आणि हसता हसता ऐकत. गटातला जो भाग ओढा, खडक, रस्ता यांनी खाल्ला आहे, जो लागवडीस अयोग्य ठरून ज्यावर आकार बसत नाही, तो पोटखराबा. त्यातही दोन जाती. खडक, नाले वगैरेंमुळे मुळातच नापीक असलेला तो वर्ग अ. रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक कामाकडे गेलेला तो वर्ग ब. आपल्या वरवंड, पाटस, कुसेगाव या बाजूस कित्येकांनी घाम गाळून माळाचा मुरूम फोडला, माती भरली, विहिरीचे पाणी फिरविले. उभे पीक डोलते आहे, आणि कागदावर मात्र ती जमीन अद्याप अपचनाने आजारी! २०१८ साली नियमांत दुरुस्ती होऊन वर्ग अ मधील अशी लागवडीखाली आणलेली जमीन लागवडयोग्य म्हणून नोंदविण्याची वाट मोकळी झाली आहे. ज्याने ती धरली नाही, त्याचे क्षेत्र कर्जाच्या वेळी आणि भूसंपादनाच्या मोबदल्याच्या वेळी कमी भरते. हे सारे परिपत्रकांत छापलेले असते. पण परिपत्रक वाचून कोणी शहाणा झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आम्ही स्वतः त्यांच्या नकला काढून पोट भरले असूनही हे लिहितो.

'इतर हक्क' या रकान्याचे आम्ही वेगळे सोंग केले होते. मुलीचे स्थळ पाहावयास गेलात तर त्या घरात पाहुणे म्हणून कोण कोण मुक्काम ठोकून बसले आहे ते आधी पाहाल की नाही? तसेच जमिनीचे. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, कोर्टातील दाव्याची नोंद, हे सर्व त्या रकान्यातले पाहुणे. काही हक्काचे, काही फुकटे, आणि काही जेवण होऊन गेले तरी ज्यांचा बिछाना कोणी गुंडाळला नाही असे. या शेवटच्या जातीवर हशा पिकला. पुढे दोनएक महिन्यांनी एक वयोवृद्ध बागाईतदार कचेरीच्या दारातूनच म्हणाले, "भाऊसाहेब, आमचा पाहुणा जेवून गेला हो, बिछाना तेवढा काढा!" त्यांनी कर्ज पुरते फेडले होते, उताऱ्यावरचा बोजा मात्र तसाच होता. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उडतो असे पुष्कळांस वाटते, व गरजेच्या वेळी ते अडतात. बँकेचा बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो, फेरफार मंजूर व्हावा लागतो, तेव्हा कोठे बिछाना निघतो. (तलाठ्यांस आता ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे, बिछाना गुंडाळण्याची रीत तीच आहे.)

आता तर कागद वाचता येणे एवढेही पुरत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीची पद्धत आली, आणि गाव नमुना बारामधील पिकाची नोंद खातेदाराने शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र घेऊन, मोबाइलवरून स्वतः करावी अशी अपेक्षा झाली. जे काम पूर्वी गावकामगार करीत असे ते आता कुणब्याच्या हाती आले. ही चांगली गोष्ट आहे. पण ती शिकविण्याचे काम ज्या भाषेत चालले आहे ती पाहता, उसाच्या फडात कांदा नोंदविला गेला तर नवल नव्हे.

विनोदाने शिकविणे ही काही आमची नवी कल्पना नव्हे. शेजारच्या पुरंदर तालुक्यातील खानवडीशी ज्यांच्या घराण्याचा संबंध, त्या जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. कुणब्याच्या अडाणी जोडप्यास जोशी कसा नाडतो, ही त्याची गोष्ट. त्यात त्यांनी एक विदूषक घातला आहे. प्रसंग चालू असता तो मध्येच तोंड घालतो आणि फसवणुकीची गाठ प्रेक्षकांसमोर उकलून दाखवितो. शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेची वाट धरते. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक पत्करले नाही. पण शिक्षणाचे महत्त्व सांगावयास त्या थोर पुरुषाने विदूषक निवडला, ही गोष्ट आमच्या गंभीर मंडळींनी ध्यानात घ्यावी.

पुढे मुकुंदराव पाटलांनी तोच रस्ता धरला. १९१० साली सुरू झालेले त्यांचे 'दीनमित्र' पत्र नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून निघत असे, व ते १९६७ पर्यंत चालले. त्यांचे 'कुलकर्णी लीलामृत' १९१३ सालचे. नाव पोथीचे, घाट पोथीचा, आणि आत गावच्या दप्तरातील लबाड्यांचा पंचनामा! यातील खुबी अशी, की पोथी एकजण वाचतो आणि ओसरीवर वीसजण ऐकतात. म्हणजे ज्यास अक्षर येत नाही त्याच्याही घरी ते पुस्तक पोहोचले. आम्ही त्याच दप्तरी जातीचे. टोला आमच्याच पूर्वजांस आहे. तरीही हे पुस्तक आम्हांस प्रिय आहे.

आणि गाडगेबाबा? त्यांच्या कीर्तनात निरूपण कमी, प्रश्न अधिक. बाबा साध्या वऱ्हाडी बोलीत विचारीत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तरातच लोक सापडत. नवसाचे बकरे, ऋण काढून केलेली लग्ने, मेल्यावरची जेवणे, यांवर हजारोंचा समुदाय खदखदून हसे, आणि हसून झाल्यावर आपण आपल्यालाच हसलो हे त्याच्या ध्यानी येई. ताट विकावे लागले तरी चालेल, पण मुलास शाळेत घाला, हे त्यांचे सांगणे अशा हशानंतर येत असल्यामुळे ते मनात रुजत असे. बाबा १९५६ साली गेले. त्यांची वेशभूषा करून मिरवणुका निघतात. त्यांची प्रश्न विचारण्याची रीत कोणी उचलल्याचे दिसत नाही.

मुलांच्या पुस्तकांबाबत आचार्य अत्र्यांचे ऋण मोठे. तेही पुरंदरचेच, कोढीतचे. पुण्याच्या कँपातील शाळेत हेडमास्तरकी करीत असता त्यांनी मुलांचे मन जवळून पाहिले, आणि 'नवयुग वाचनमाले'त मुलांस आपल्या घरातली वाटेल अशी मराठी आणली. आपल्या काळात अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून भूमितीच्या आकृत्या करून दाखविल्या. पुण्याच्या आयुकामध्ये राहून त्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली व आपली पुस्तके सर्वांस मोफत खुली केली. त्या पुस्तकांतले एकही खेळणे आमच्या भागातील मुलास परवडणार नाही असे नाही.

मात्र येथे एक भेद केला पाहिजे. हल्ली मेळाव्यांत बिदागी देऊन विनोदी वक्ते आणण्याची प्रथा पडली आहे. बायकोवर चार कोट्या, मोबाइलवर दोन, गावंढळ माणसाच्या नकलेवर एक, आणि अखेरीस "मुलांना शिकवा" एवढे सांगून वक्ता मोटारीत बसतो. विनोद काढून टाकला तरी विषयाचे काही बिघडत नाही, कारण विषय तेथे नव्हताच! ज्या विनोदात शेतकरी हा केवळ हसण्याचा विषय आहे, तो आम्हांस मुळीच मान्य नाही.

खरा विनोद विषयाच्या पोटातूनच निघतो. आमच्या भागात मुठा उजव्या कालव्याचे पाणी व वरवंडचा तलाव यांच्या जोरावर ऊस वाढला, आणि पाण्याच्या अतिरेकाने जमिनी खारावू लागल्या. या विषयावर एका तज्ज्ञांचे व्याख्यान आम्ही ऐकले. सामू, विद्युतवाहकता, विनिमययोग्य सोडियम, असे शब्द चालले होते, आणि श्रोते डुलत होते. इतक्यात मागून एकाने विचारले, "साहेब, पाणी जास्त झालं तर उसाला पडसं होतं का?" सभा हसली, तज्ज्ञ रागावले. वास्तविक तीच संधी होती. "पडसे नव्हे हो, त्याचा दम कोंडतो," असे म्हणावयाचे. मुळांस श्वास लागतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेस जागा राहत नाही. खालचे पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते, आणि आपले मीठ मागे ठेवून जाते. पाच मिनिटांत जमिनीचे सारे दुखणे समजले असते, आणि चर काढून पाण्याचा निचरा का करावयाचा हेही त्याच ओघात सांगता आले असते.

आमची आपल्या संस्थेस सूचना एवढीच, की मासिक सभेतील पहिला अर्धा तास अशा बोलण्यास द्यावा, व सातबारा, आठ-अ आणि पीक पाहणी यांवर ठळक टाइपाचे बत्तीस पानी पुस्तक काढावे. ते ओसरीवर मोठ्याने वाचता आले पाहिजे, ही त्याची एकच कसोटी ठेवावी. पुस्तकास लागणाऱ्या मजेच्या हकिकती वाचकांपाशीच आहेत. आपल्या उताऱ्यावर कोणकोणते पाहुणे कसे बसले आणि कसे उठले, हे ज्यांस ठाऊक असेल त्यांनी ते संपादकांकडे लिहून पाठवावे. नावगाव छापले जाणार नाही. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस, शक्य तर शाईने लिहावा.